मामांचा मचवा आणि माझें गणित

शाळेच्या वार्षिकासाठीं जुन्या विद्यार्थ्यांनीं कांहींतरी लिहून पाठवावें, अशी संपादकांची चिठ्ठी आली, तेव्हां माझ्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती एक तांबड्या पुठ्ठ्याची वही. तिच्या मधल्या दोन पानांवर एका मचव्याची आकृति काढलेली आहे. शाई आतां फिकी झाली आहे. परंतु खालच्या कोपऱ्यांतील '१९॥ टन' हीं अक्षरें अजून स्पष्ट दिसतात आणि त्यांच्याखालीं माझी लफ्फेदार सही आहे, जणूं काय मीं एखाद्या तहनाम्यावरच सही केली होती! त्या वेळीं माझें वय पंधरा वर्षांचें होतें. त्या आंकड्यांत चूक नव्हती. चूक कोठें होती, हें सांगण्यासाठींच हा लेख.

आमचे शास्त्राचे शिक्षक एक वृद्ध पाद्रीसाहेब होते. एके दिवशीं त्यांनीं वर्गांत एक मोठें घमेलें, त्यांत काठोकाठ भरलेली बादली, बिस्किटांचा रिकामा डबा आणि वाण्याच्या दुकानांतून मागून आणलेला तराजू अशी सामग्री मांडली. डब्यांत थोडी वाळू घालून त्यांनीं तो हलक्या हातानें बादलींत सोडला. डबा तरंगूं लागला व पाणी घमेल्यांत सांडलें. मग एका पारड्यांत वाळूसह डबा आणि दुसऱ्यांत तें सांडलेलें पाणी घातलें. भांड्याचें वजन वजा केलें, तों तराजूचा कांटा मधोमध उभा राहिला. वाळू वाढविली, तर डबा अधिक बुडाला व तेवढेंच अधिक पाणी सांडलें. शेवटीं त्यांनीं तो डबा रिकामा करून पायाखालीं चेपला व त्याची चपटी चकती बादलींत टाकली. ती तत्काळ तळाशीं गेली. पत्रा तोच, वजन तेंच. गेली होती ती केवळ आकृति. आम्हां मुलांस त्या डब्याची हळहळ वाटली. कारण तो पेन्सिली ठेवावयास चांगला होता.

जहाजाचें वजन करावयास तराजू कोठून आणावा? म्हणून तें वजन समुद्राकडूनच करवून घ्यावयाचें असतें. जहाजानें जेवढें पाणी बाजूस सारलें तेवढें त्याचें वजन, हा आर्किमिडीजचा नियम. समुद्राचें पाणी ३५ घनफूट घेतलें, तर त्याचें वजन एक टन भरतें. गोड्या पाण्यास त्याच वजनासाठीं सुमारें ३६ घनफूट लागतात. तेव्हां जहाजाच्या बुडालेल्या भागाचें घनफळ काढतां आलें कीं वजन हातीं आलें. नियम दोन हजार वर्षांपूर्वींचा खरा; पण जहाज पाण्यांत ढकलण्यापूर्वींच तें किती बुडेल हें कागदावरून सांगण्याची विद्या फार उशिरां आली. इंग्लंडांतील अँथनी डीन या जहाजबांधणाऱ्यानें ही गोष्ट साधली, याचें सॅम्युएल पीप्स यास एवढें नवल वाटलें कीं, त्यानें १६६६ सालच्या आपल्या रोजनिशींत त्याची नोंद केली. तोंपर्यंत मोठमोठे कारागीरही जहाज पाण्यांत उतरल्यावर मगच तें किती बुडालें हें पाहत असत.

आमच्या मामांचें घर खाडीच्या कांठीं होतें व त्यांचा एक मचवा होता. पावसाळ्यांत तो किनाऱ्यावर ओढून त्यावर माडाच्या झापांचें छप्पर घालीत. त्या वर्षीं गणपतीच्या सुट्टींत मी गेलों, तेव्हां मचवा तसाच छपराखालीं होता आणि त्याच्या अंगावर मागल्या हंगामांतील शेवाळाची रेघ स्वच्छ दिसत होती. नेहमींचा माल भरल्यावर पाणी कोठवर येतें, हें ती रेघच सांगत होती. मला याहून अधिक काय पाहिजे होतें? शाळा सुटल्यावर पाद्रीसाहेबांनीं मला सिंप्सनचा नियम स्वतंत्रपणें शिकविला होता, आणि तो कोठें तरी चालवून पाहण्यासाठीं माझे हात शिवशिवत होते.

दोरी, ओळंबा आणि सुताराची फूटपट्टी घेऊन मीं दोन दिवस त्या मचव्याखालीं घालविले. रेघेवर त्याची लांबी ३६ फूट, रुंदी १० फूट, व रेघेपासून तळापर्यंतची खोली ४ फूट भरली. या तिहींचा गुणाकार १,४४० घनफूट होतो; परंतु मचवा म्हणजे कांहीं चौकोनी पेटी नव्हे. तो दोन्हीं टोकांस निमुळता व तळाशीं आवळलेला. म्हणून मीं दर नऊ फुटांवर त्याचा आडवा छेद कल्पून त्याचें क्षेत्रफळ काढलें. दोन्हीं टोकांस शून्य. मधल्या तीन ठिकाणीं अनुक्रमें २२, ३० व २० चौरस फूट. सिंप्सनचा नियम असा कीं, टोकांच्या छेदांस एकानें व मधल्यांस आळीपाळीनें चार व दोन यांनीं गुणावें, सर्वांची बेरीज करावी आणि दोन छेदांमधील अंतराच्या तृतीयांशानें तिला गुणावें. २२ चोक ८८, ३० दुणे ६०, २० चोक ८०, बेरीज २२८. नवाचा तृतीयांश तीन. म्हणून घनफळ ६८४ घनफूट, आणि त्यास ३५ नीं भागिलें असतां साडेएकोणीस टन. हाच तो वहींतील आंकडा. विद्यार्थिमित्रांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. तो अवघड नाहीं, आणि वांकड्या वस्तूचें माप सरळ आंकड्यांत उतरतांना जो आनंद होतो तो उसना घेतां येत नाहीं.

पेटीचें घनफळ १,४४० आणि मचव्याचें ६८४, म्हणजे शेंकडा साडेसत्तेचाळीस. हें एकच प्रमाण जहाजाचा स्वभाव बरेंचसें सांगून टाकतें. तेल वाहणाऱ्या अवाढव्य जहाजांत तें ८० च्याही वर असतें; त्यांना माल पुष्कळ न्यावयाचा असतो व घाई नसते. जलद धांवणाऱ्या लढाऊ जहाजांत तें ५० च्या आसपास येतें. आमच्या मचव्याचे सुतार असलीं प्रमाणें जाणत नव्हते; पण त्यांचा हात तें जाणत होता.

मीं आणखी एक हिशेब केला. रेघेच्या पातळीवरील मचव्याचें क्षेत्रफळ २५२ चौरस फूट आलें. म्हणून एक इंच अधिक बुडण्यास सुमारें सहादशांश टन माल लागतो. तांडेलांना हें सांगितलें, तेव्हां ते हंसले व म्हणाले, "आणि पावसांत खाडीला गोडें पाणी आलें म्हणजे?" मी वहींत डोकें खुपसून बसलों. उत्तर आलें, पाऊण इंच अधिक. तांडेलांनीं आपल्या अंगठ्याचें अर्धें पेर दाखविलें आणि ते निघून गेले. ही गोष्ट त्यांना बापजाद्यांपासून ठाऊक होती. समुद्रांतून नदींत शिरणारें जहाज अधिक बुडतें, म्हणूनच आज मोठ्या जहाजांच्या अंगावर गोड्या पाण्याची रेघ निराळी काढलेली असते. जहाजांवर मालाची मर्यादा दाखविणारी खूण असलीच पाहिजे, असा कायदा इंग्लंडांत सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या खटपटीनें १८७६ सालीं झाला. त्यापूर्वीं लोभी मालक जहाजें वाटेल तशीं भरीत, आणि बुडत ते खलाशी.

आमचे मामा लोभी नव्हते, हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. दिवाळीच्या सुट्टींत मी पुन्हां गेलों, तेव्हां मचव्यांत तांदळाच्या गोणी भरल्या होत्या आणि शेजारच्या बंदरांत पोंचविण्यासाठीं एका व्यापाऱ्यानें बाराशें मंगळुरी कौलें आणून टाकलीं होतीं. तीं सारीं मिळून तीन टनांचीं. तांडेल म्हणाले कीं, भार जास्त होतो. कौलें पुढच्या खेपेस न्यावीं. मी तेथेंच उभा होतों. मीं विचारलें, "मामा, तळाशीं हे दगड कशासाठीं आहेत?" ते नीरमाचे दगड होते. लांकडी फळ्यांखालीं, पठाणाच्या दोहों बाजूंस, ते वर्षानुवर्षें पडून होते. मीं वहीवर हिशेब मांडला: तीन टन दगड काढावे, तीन टन कौलें चढवावीं, एकूण वजन तेंच राहील, सारलेलें पाणी तेंच राहील, आणि शेवाळाची रेघ केसभरही बुडणार नाहीं. ज्या दगडांचें कोणी भाडें देत नाहीं त्यांना फुकट कां फिरवावें?

मामांनीं तांडेलांकडे पाहिलें, मग माझ्याकडे पाहिलें. इंग्रजी शाळेंत शिकणारा भाचा हा त्यांचा मोठा अभिमान होता. "पोराचा हिशेब बरोबर दिसतो," एवढेंच ते म्हणाले. दगड काढले. तळाशीं पाणी झिरपत असल्यामुळें त्या जागीं ना गोणी ठेवतां येत होत्या, ना कौलें. म्हणून कौलें वर, डोलकाठीच्या दोन्हीं बाजूंस, कंबरेएवढ्या उंचीनें रचलीं. भरून झाल्यावर मी मुद्दाम होडींत बसून रेघ पाहण्यास गेलों. पाणी अगदीं रेघेवर होतें. मला इतका हर्ष झाला कीं, मीं मामांच्या पाठीमागें लागून त्याच मचव्यांतून जाण्याची परवानगी मिळविली.

खाडींत सारें ठीक होतें. मुखाशीं आल्यावर पहिली लाट बाजूस लागली. मचवा कलला व सावकाश वर आला. तांडेल सुकाणूवर होते, ते मामांस हळूच म्हणाले, "मालक, मचवा आळसावला." मला त्यांतला अर्थ समजला नाहीं. तिसऱ्या कीं चवथ्या लाटेस तो पुन्हां कलला आणि तसाच राहिला. एक श्वास, दोन श्वास, तीन. त्याच्या मनांत वर यावें कीं नाहीं याचा जणूं विचार चालला होता. एवढ्यांत कौलांची रास सरकली. एक तरुण खलाशी तिला हातानें आवरावयास गेला व त्याचा उजवा हात कौलें आणि डोलकाठी यांच्यामध्यें सांपडला. त्याचें ओरडणें अजून माझ्या कानांत आहे. तांडेलांनीं शीड सोडलें व कौलें समुद्रांत टाकण्याचा हुकूम केला. मामांनीं स्वतः पहिलें कौल फेंकलें. चारशेंच्या वर कौलें गेलीं, तेव्हां मचवा सरळ झाला, आणि आम्हीं माघारीं आलों.

त्या खलाशाचा हात वैद्यानें बांधला. पण हाड वांकडें जुळलें. कोपरापासून तो पुढें कधीं पुरता सरळ झाला नाहीं. गांवांत ज्यानें त्यानें मामांस विचारलें, आणि मामांनीं ज्याला त्याला सांगितलें, "वारा फिरला." माझ्या हिशेबाचें नांव त्यांनीं कधींही काढलें नाहीं. घरींही नाहीं, मजजवळही नाहीं. त्यांनीं मला दोन थोबाडींत दिल्या असत्या, तर मला अधिक बरें वाटलें असतें.

सुट्टी संपतांच मीं वही पाद्रीसाहेबांपुढें ठेवली व सर्व सांगितलें. त्यांनीं माझा हिशेब दोनदां तपासला आणि म्हणाले, "जहाज तरंगेल कीं नाहीं, हा प्रश्न तूं सोडविलास. तें उभें राहील कीं नाहीं, हा प्रश्न निराळा आहे." मग त्यांनीं फळ्यावर एक पेटी काढली.

समजा, १२ इंच रुंदीची पेटी पाण्यांत ४ इंच बुडाली आहे. पाणी तिला वर उचलतें तें बुडालेल्या भागाच्या मध्यापासून, म्हणजे तळापासून २ इंचांवरून. पेटी कलली कीं बुडालेल्या भागाची आकृति बदलते. कललेल्या बाजूस अधिक भाग पाण्यांत जातो व वर उचलणाऱ्या जोराचा मध्यही तिकडेच सरकतो. त्या नव्या मध्यांतून सरळ उभी रेघ काढली, तर ती पेटीच्या मधल्या रेघेस एका बिंदूंत छेदते. त्याला मेटॅसेंटर म्हणतात. पेटीसाठीं त्याची उंची काढणें सोपें आहे: रुंदीच्या वर्गास बुडालेल्या खोलीच्या बारापटीनें भागावें. १४४ भागिले ४८ म्हणजे ३ इंच. त्यांत पहिले २ मिळविले कीं तळापासून ५ इंच. पेटीच्या एकूण भाराचा मध्य या ५ इंचांच्या खालीं असेल तर कललेली पेटी परत सरळ होते. वर गेला तर ती उलटते. रुंदी १२ ऐवजीं ८ केली, तर हीच उंची सवातीन इंचांच्या जरा वर येऊन ठेपते. जहाज रुंद कां करतात आणि अवजड माल तळाशीं कां भरतात, याचें सारें मर्म या एवढ्याशा भागाकारांत आहे. ही कल्पना पिएर बूगेर या फ्रेंच पंडितानें १७४६ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडली. आणि गंमत अशी कीं, पृथ्वीचें माप घेण्याच्या कामगिरीवर तो समुद्रापासून दूर अँडीज पर्वतांत असतांना हें लेखन चाललें होतें.

माझ्या हातून काय झालें होतें, तें आतां उघड झालें. साडेएकोणीस टनांपैकीं तीन टन मीं तळापासून उचलून साडेसहा फूट उंच नेऊन ठेवले होते. तीन गुणिले साडेसहा, भागिले साडेएकोणीस, म्हणजे बरोबर एक. संबंध मचव्याच्या भाराचा मध्य मीं एक फूट वर चढविला होता, आणि पाण्यावरच्या रेघेस त्याची दादही नव्हती.

पाद्रीसाहेबांनीं मला नोहाच्या तारवाचेंही गणित घातलें, तें बहुधा माझें मन हलकें व्हावें म्हणून. उत्पत्तीच्या पुस्तकांत त्याची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात व उंची ३० हात सांगितली आहे. दीड फुटाचा हात धरला तर ४५०, ७५ व ४५ फूट. तें निम्में बुडालें असें मानिलें तर सारलेलें पाणी सुमारें २१,७०० टनांचें होतें. मेटॅसेंटर तळापासून ३२ फुटांवर येतें व भाराचा मध्य अर्ध्या उंचीवर, म्हणजे साडेबावीस फुटांवर, असला तरी साडेनऊ फुटांचें अंतर शिल्लक राहतें. "नोहानें कौलें वर रचलीं नव्हतीं," असें ते म्हणाले. मला हंसूं आलें नाहीं.

पुढें वाचन वाढलें, तेव्हां 'वासा' या स्वीडिश युद्धनौकेची हकीकत माझ्या वाचण्यांत आली, आणि ती वाचतांना माझे हात गार पडले. राजा गुस्ताव्ह आडोल्फ यास ६४ तोफांची, दोन मजल्यांवर तोफा मांडलेली नौका हवी होती व ती लौकर हवी होती. मुख्य कारागीर हेन्रिक हीबर्ट्‌सन १६२७ सालीं, काम पुरें होण्यापूर्वींच, वारला. नौका धक्क्यास असतांना तिची परीक्षा म्हणून ३० माणसांस एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे धांवावयास लाविलें. तीन फेऱ्यांतच ती इतकी डोलूं लागली कीं, दर्यासारंगानें परीक्षा थांबविली. तळाशीं सुमारें १२० टन दगड होते. अधिक दगड घालावे, तर नौका अधिक बुडून तोफांच्या खालच्या खिडक्या पाण्याजवळ येणार! १० ऑगस्ट १६२८ रोजीं स्टॉकहोमच्या बंदरांतून ती पहिल्या सफरीस निघाली. सुमारें १,३०० मीटर गेली असेल नसेल, तों वाऱ्याच्या झोताबरोबर कलली, उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलें आणि ती बुडाली. सुमारें ३० माणसें गेलीं. चौकशी झाली; शिक्षा कोणासही झाली नाहीं. १९६१ सालीं ती वर काढली व आज ती स्टॉकहोमच्या संग्रहालयांत उभी आहे. त्या ३० माणसांची धांव थांबविणाऱ्या अधिकाऱ्यास उत्तर ठाऊक झालेलें होतें. आमच्या तांडेलांसही झालें होतें. दोन्हीं ठिकाणीं तें ऐकावयाचें कोणीं, एवढाच प्रश्न उरला.

आमच्या किनाऱ्यावरील वडील मंडळींपुढें मात्र 'वासा' नव्हे, 'रामदास' हें नांव काढावें. तीं क्षणभर गप्प होतात. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती आगबोट वाटेंतच उलटली व ६०० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. घाबरलेले उतारू एका बाजूस धांवले, असें सांगतात. माणसें हीही भारच असतात. आणि हा भार भीतीबरोबर जागा सोडतो.

नंतरच्या दिवाळींत मी मामांकडे गेलों तो पाद्रीसाहेबांनीं दिलेला एक नियम वहींत लिहून घेऊन. जहाज एकदां डावीकडून उजवीकडे व परत डावीकडे डोलावयास किती सेकंद लागतात, हें मोजलें कीं भाराचा मध्य व मेटॅसेंटर यांमधील अंतराचा अंदाज करतां येतो. डोलणें जितकें सावकाश, तितकें अंतर कमी. अंतर चौथाईवर आलें तर वेळ दुप्पट होतो. तांडेल 'आळसावला' म्हणाले होते तें हेंच.

मचवा भरलेला होता. दगड आपल्या जागीं होते. खाडीच्या मुखाशीं मी मामांचें घड्याळ हातांत धरून बसलों. वांकड्या हाताचा तो खलाशी आतां सुकाणूवर बसे. डाव्या हातानें त्यानें तें काम उत्तम साधलें होतें. मीं दहा डोलांचा काळ मोजला, ३५ सेकंद. म्हणजे एका डोलास साडेतीन. दहा फूट रुंदीच्या मचव्यास त्यावरून सुमारें १९ इंचांचें अंतर निघतें. त्यांतून माझा तो एक फूट वजा केला, तर उरतात ७ इंच, आणि डोलास पावणेसहा सेकंद. मीं आंकडे लिहिले, पुन्हां तपासले. वही मिटतांना तो खलाशी माझ्याकडेच पाहत आहे असें दिसलें.

"किती आले?" त्यानें विचारलें.

"साडेतीन," मीं सांगितलें.

त्यानें पुढच्या लाटेकडे पाहिलें, मचवा डोलूं दिला, ओठांतल्या ओठांत कांहीं मोजलें आणि मान हलविली.